दारामागचा सांधा

मागच्या महिन्यात विद्यापीठात एका तरुण पोराचं व्याख्यान ऐकायला गेले. शहाऐंशीव्या वर्षी माणसाने गुडघ्यांचं ऐकावं हे खरं, पण विषय पेंढ्यांचा होता आणि पेंढ्या म्हटलं की माझे गुडघे गप्प बसतात. शेतातल्या नव्हेत, गणितातल्या. जागोजागी उभ्या असलेल्या काड्या एकत्र बांधायच्या, म्हणजे ठिकठिकाणची छोटी माहिती शेजारच्या माहितीशी जुळवत जुळवत तिचं एक सबंध चित्र करायचं, आणि ते होत नसेल तर का होत नाही ते सांगायचं. एवढंच ते शास्त्र आहे. बाकीची चारशे पानं तपशील.

पोरगा हुशार होता. त्याने नदीतल्या एका बेटाचं उदाहरण घेतलं. बेटाभोवती पाण्याची पातळी मोजणारी सहा यंत्रं. प्रत्येक यंत्र शेजारच्याशी नीट जुळवलेलं; पहिलं दुसऱ्याशी, दुसरं तिसऱ्याशी, असं करत सहावं पुन्हा पहिल्याशी. कुठल्याही जोडीत खोट दिसत नाही. पण सगळी फेरी मारून परत आलं, की पहिलं यंत्र स्वतःपेक्षाच नऊ सेंटीमीटर उंच निघतं. पूर आला की असल्या नऊ सेंटीमीटरने गाव बुडतं. हे सगळं त्याने छान सांगितलं. मग हसत म्हणाला, "अर्थात, अशा चुका यंत्रं करतात, नाहीतर कारकून करतात. गणिती करत नाहीत."

सगळे हसले. माझं डोकं फिरलं. व्याख्यान संपल्यावर काठी टेकत पुढे गेले आणि पिशवीतून एक पिवळं पडलेलं पान काढून त्याच्या नाकासमोर धरलं. "वाच," म्हटलं.

त्याने वाचलं. मग विचारलं, "आजी, हे शेवटी नाव कोणाचं आहे? केवढं वाकडं! अक्षर तर एखाद्या लहान मुलाचं दिसतंय."

"नाव कारकुनाचं आहे," मी म्हटलं, "आणि अक्षर गणितीचं."

तिचं नाव मोरिसेत देलान्वा. १९६१ साली ती पॅरिसच्या आमच्या संस्थेत आली तेव्हा बावीस वर्षांची होती. आमच्या म्हणजे तळघरातल्या. वर तीन मजल्यांवर गणिती बसत आणि खाली आम्ही दोघी; ती टंकलेखन करायची आणि मी रोनिओ, म्हणजे प्रती काढायचं यंत्र, फिरवायची. त्या काळी परिसंवादातलं लेखन पुस्तकासारखं छापत नसत. मोरिसेत मेणकागदावर टाइप करायची, मी तो यंत्राच्या पिंपाला चढवायची आणि हात दुखेपर्यंत दांडी फिरवून एकशेवीस प्रती काढायची. त्या प्रती जगभर जात. गणित वरच्यांचं असेल, पण घाम आमचा होता.

टाइपरायटरवर फक्त साधी अक्षरं असत. गणितातली चिन्हं, बाण, ग्रीक अक्षरं यांच्यासाठी मोरिसेत मोजून जागा सोडायची. मग मेणकागद खालून दिवा लावलेल्या काचेवर ठेवून पोलादी टोचणीने एकेक चिन्ह हाताने कोरायची. जरा जोर जास्त झाला की मेण फाटतं, कमी झाला की छापाला उमटत नाही. चुकलं की नखांना लावतात तसलं गुलाबी रोगण लावायचं, वाळू द्यायचं आणि पुन्हा कोरायचं. तिची चिन्हं इतकी देखणी असत, की एका पाहुण्या प्रोफेसरने विचारलं होतं, हा टाइप कुठल्या कारखान्याचा?

तिचे वडील आमियाँ गावचे. घरोघरी भिंतीला कागद लावून देण्याचा धंदा. ती शाळा सोडल्यावर पाच वर्षं त्यांच्या हाताखाली खळ ढवळत होती. ते वारले, मग ती पॅरिसला आली आणि वर्षभरात आईलाही घेऊन आली. पॅरिसला लागून असलेल्या झान्तियीत एका खोलीत मायलेकी राहायच्या. आईला नीट दिसत नव्हतं. मोरिसेतची नोकरी तात्पुरती होती, दर सहा महिन्यांनी कागद नवा करायचा. १९६३ च्या हिवाळ्यात तिला कायम करण्याचा अर्ज वर गेला. त्यावर सही करायची होती प्रोफेसर व्हेरमोरेल यांनी.

व्हेरमोरेल वाईट माणूस नव्हते. फक्त त्यांना जिन्याखाली कोणी राहतं याची कल्पना नव्हती. त्यांचा एक मोठा सिद्धांत त्या वर्षी तीन भागांत यायचा होता. पहिला भाग त्यांचा, दुसरा त्यांच्या लिआँच्या शिष्याचा, तिसरा स्ट्रासबूरच्या शिष्याचा. तिघांचे तीन संकेत. एक ज्याला अधिक म्हणेल त्याला दुसरा वजा म्हणणार. पण त्यांनी पत्रं लिहून ठरवून घेतलं होतं: पॅरिसने लिआँशी, लिआँने स्ट्रासबूरशी, स्ट्रासबूरने पॅरिसशी. प्रत्येकाने शेजाऱ्याशी नीट बोलून घेतलं. आणि हस्तलिखितावर पेन्सिलीने शेरा मारला: 'संकेत जुळवून घ्यावेत.' जुळवणार कोण? खाली बसलेली बाई.

म्हणून मोरिसेतने जाड कागदाचे तुकडे करून त्यांचा गठ्ठा ठेवला होता. कोणाचं कुठलं चिन्ह दुसऱ्याच्या कुठल्या चिन्हाबरोबर, उलट की सुलट, सगळं त्यावर. तिसऱ्या भागात अकरा ठिकाणी त्या स्ट्रासबूरच्या दीडशहाण्याने चिन्हच दिलं नव्हतं. लिहिलं होतं, 'पहिल्या भागाप्रमाणे.'

एके दिवशी दुपारी मी ब्रेडला लोणी लावून मुळे खात बसले होते. मोरिसेत काचेवर ओणवी. एकदम म्हणाली, "जिनेत, हे बघ गं जरा. तिसऱ्यातून सरळ पहिल्यात गेलं तर इथे अधिक येतं."

"मग घाल अधिक."

"पण तिसऱ्यातून दुसऱ्यात आणि दुसऱ्यातून पहिल्यात गेलं तर वजा येतं."

"मग घाल वजा. मला काय विचारतेस? मी यंत्र फिरवते."

"अगं बये, एकाच जागी दोन्ही कसं येईल?"

तिने तीन वेळा तपासलं. संध्याकाळी पुन्हा तपासलं. मग तुकड्यांचा गठ्ठा उचलून ती जिना चढली आणि मीही मागोमाग गेले, कारण तिला एकटीला वर पाठवायला माझं मन घेईना. आणि खोटं कशाला बोलू, ऐकायचंही होतं.

व्हेरमोरेल फळ्यापाशी उभे होते. वळले नाहीत. "बोला, मादमोआझेल."

तिने सांगितलं.

"अधिक लिहा," ते म्हणाले.

"का?"

मग मात्र ते वळले. त्या खोलीत 'का' फक्त विद्यार्थी विचारत. "कारण स्ट्रासबूरशी आमचं तसं ठरलंय."

"स्ट्रासबूरशी ठरलंय, पण लिआँवरून आलं की वजा येतं. तिन्ही पत्रं खरी आहेत, प्रोफेसर. कुठल्याही दोघांमध्ये भांडण नाही. फेरी पुरी केली की भांडण आहे."

"तसं असेल तर लिआँचं चिन्ह उलटं करून टाका. झालं!"

"केलं ना करून. मग ते वजा पहिल्या आणि दुसऱ्याच्या मधे जाऊन बसतं. तिथून काढलं की पुन्हा तिसऱ्यात. ते जागा बदलतं, जात नाही." आणि मग तिने वडिलांची गोष्ट सांगितली, जी मी शंभरदा ऐकली होती. भिंतीवर कागदाच्या पट्ट्या लावताना प्रत्येक पट्टी मागच्या पट्टीशी जुळवायची. पोपटाला पोपट, फुलाला फूल. जुळवताना पट्टी केसभर खाली सरकते, डोळ्याला दिसत नाही. पण खोलीची फेरी मारून आलं की शेवटची पट्टी पहिल्या पट्टीपेक्षा चार बोटं खाली. मधल्या एकाही सांध्याला बोट लावता येत नाही. "म्हणून बाबा सुरुवात नेहमी दाराच्या मागून करायचे. शेवटचा सांधा दारामागे लपतो. तुम्ही मला तेच करायला सांगताय."

व्हेरमोरेल हसले. मोकळेपणाने हसले, हेच वाईट. "वा! म्हणजे आमच्या सिद्धांताला आता भिंतकागद लावायचा! मादमोआझेल, तुम्ही अक्षरं फार सुंदर काढता. गणित आम्ही बघतो. सोमवारी मी झुरिकला व्याख्यानाला निघतोय, प्रती मला शनिवारी हव्यात." मग टेबलावरच्या कागदांवर टिचकी मारली. "आणि तुमचा तो कायम नोकरीचा कागद इथेच आहे. झुरिकहून आलो की बघतो. अधिक. अकराही ठिकाणी अधिक."

आम्ही खाली आलो. मी म्हटलं, "घाल अधिक आणि मोकळी हो. आईचा विचार कर. चूक असली तर त्यांची आहे, नाव त्यांचं आहे."

"नाव त्यांचं. हात कोणाचा?"

"हाताला कोण विचारतंय?"

"तेच तर," ती म्हणाली. मग दिवा लावला आणि काच पुसली. "बाबांनी आमियाँच्या एका वकिलाच्या दिवाणखान्यात असाच सांधा लपवला होता. दोन वर्षांनी वकिलाने मेजवानी द्यायची म्हणून दार काढून कमान केली. सगळं गाव जेवायला बसलं आणि समोर भिंतीवर पोपटाचं डोकं फुलाच्या देठावर. बाबांना त्यानंतर मोठं काम मिळालं नाही. पण काम गेल्याचं त्यांना दुःख नव्हतं. मला म्हणाले, पोरी, मला माहीत होतं आणि मी लपवलं. मरेपर्यंत हेच म्हणत होते. शेंडी तुटो की पारंबी, मी अधिक घालणार नाही."

"मग वजा घालणार?"

"वजाही खोटंच आहे. काहीच घालणार नाही."

आणि तिने नाही घातलं. अकरा ठिकाणी मोजून सोडलेली जागा तशीच ठेवली. बाकीची प्रत्येक रेघ अशी कोरली की बघत राहावं. मेणकागद माझ्या हातात देताना एवढंच म्हणाली, "तू बघितलं नाहीस. विचारलं तर तसंच सांग."

मला भारी राग आला. सगळं धाडस काय हिनेच करायचं? मी म्हटलं, "बघितलंय. चांगलं डोळे फाडून बघितलंय." आणि पिंपाला कागद चढवला. एकशेवीस प्रती. दर प्रतीत अकरा मोकळ्या जागा. दांडी फिरवताना आयुष्यात पहिल्यांदा माझे हात दुखले नाहीत.

शनिवारी व्हेरमोरेल यांनी गठ्ठा उचलला, मुखपृष्ठावरचं आपलं नाव बघितलं आणि गेले. आपलं लिहिलेलं ते पुन्हा वाचत नसत. त्यांना पाठ होतं ना!

झुरिकमध्ये काय झालं ते आम्हाला नंतर त्यांच्या लिआँच्या शिष्याकडून कळलं. सभागृहात प्रती वाटल्या. व्याख्यान रंगात आलेलं. तेवढ्यात मागच्या बाकावरच्या एका म्हाताऱ्या गृहस्थाने हात वर केला. "एकतीस पानावर जागा मोकळी आहे. तिथे काय?"

"टंकलेखनाची चूक," व्हेरमोरेल म्हणाले. "अधिक."

"अशा अकरा आहेत. सगळ्या एकाच चिन्हाच्या. ही चूक वाटत नाही, बाकीचं पान फार नेटकं आहे," म्हातारा म्हणाला. "आणि दुसऱ्या भागावरून आलं तर मला वजा मिळतंय."

व्हेरमोरेल फळ्याकडे वळले. अधिक घालून पाहिलं, वजा घालून पाहिलं. पाच मिनिटं सभागृहात फक्त खडूचा आवाज. जगाला शिकवत होते, की शेजाऱ्याशी जुळलं म्हणजे सगळं जुळलं असं समजू नका, फेरी मारून बघा. आणि स्वतः तिघांनी फेरी मारली नव्हती. लोका सांगे ब्रह्मज्ञान, आपण कोरडे पाषाण. ही चूक दुसरं कोणी करूच शकलं नसतं. वाण्याने केली नसती, न्हाव्याने केली नसती. ही करायला पेंढीवालेच लागतात.

तिकडूनच त्यांनी तार केली असावी. बुधवारी कार्यालयातून मोरिसेतला चिठ्ठी आली: मुदत महिनाअखेर संपते, पुढे वाढवली जाणार नाही. तिने चिठ्ठी वाचली, घडी घातली आणि टोचण्या पुसायला घेतल्या. मी रडले. ती नाही रडली. म्हणाली, "आईला काय सांगू तेवढंच कळत नाही गं." मग दुसऱ्या कोणाचा तरी लेख टाइप करायला बसली, कारण महिना संपायला अजून सतरा दिवस होते.

व्हेरमोरेल परत आले. लिआँचा आणि स्ट्रासबूरचा दोघेही धावत आले. आठ दिवस वरच्या खोलीचं दार बंद. आतून आरडाओरडा ऐकू यायचा: तुझ्या चिन्हाने घात केला, नाही तुझ्या. एकाचंही चिन्ह चुकलं नव्हतं हे मान्य करायला त्यांना आठ दिवस लागले. शेवटी त्यांना कळलं, की ते वजा काढून टाकायचं नाहीच. ते खरंच तिथे आहे. कुठेही ढकललं तरी राहतं, म्हणून तेच मोजायचं. सिद्धांत अर्धा पडला, पण त्या वजाविषयी चौथा भाग लिहायची वेळ आली आणि पुढे तोच भाग लोकांनी सर्वांत जास्त वाचला.

महिन्याच्या अठ्ठाविसाव्या तारखेला जिन्यावर पावलं वाजली. संस्थेत आल्यापासून बारा वर्षांत व्हेरमोरेल पहिल्यांदा तळघरात येत होते. डोकं वरच्या नळाला आपटलं. मोरिसेतची पेटी टेबलावर बांधून ठेवलेली.

"मादमोआझेल देलान्वा," ते म्हणाले. नाव त्यांना माहीत होतं हे आम्हाला नवीन होतं. "एक शुद्धिपत्र टाइप करायचंय. एकच पान. सगळ्या प्रतींमागे पाठवायचं." मग दुसरा एक कागद तिच्यासमोर ठेवला. "आणि हा. सही केलीय मी."

तो कायम नोकरीचा कागद होता. मोरिसेतने त्याच्याकडे पाहिलं आणि बाजूला सरकवला. आधी शुद्धिपत्र वाचलं. मी तिच्या खांद्यावरून वाचत होते. चूक काय, ती कुठे, सगळं स्वच्छ लिहिलं होतं. लपवाछपवी नाही, तेवढं मानायला हवं. शेवटची ओळ अशी: 'ही विसंगती एका लक्षपूर्वक वाचणाऱ्या वाचकाने दाखवून दिली.'

"हा वाचक कोण?" तिने विचारलं.

"तशी लिहायची पद्धत आहे."

"झुरिकचा म्हातारा का?"

"तो... नाही. म्हणजे, त्याने विचारलं. पण..." त्यांनी घसा साफ केला. "जागा मोकळ्या होत्या म्हणून विचारलं."

"बसा," मोरिसेत म्हणाली.

प्रोफेसरांना बसायला कागदाच्या खोक्याशिवाय काही नव्हतं. ते खोक्यावर बसले. तिने मेणकागद यंत्रात घातला आणि टाइप करायला लागली. पान पूर्ण झालं, शेवटची ओळ आली. 'ही विसंगती' टाइप केलं. मग हात थांबला. तिने अक्षर न उमटवता जागा सोडायची पट्टी दाबली, पुन्हा दाबली, मी मोजत होते, एकोणीस वेळा. मग पुढे टाइप केलं, 'यांनी दाखवून दिली.' कागद काढून काचेवर ठेवला, दिवा लावला आणि टोचणी त्यांच्यापुढे धरली.

"हे काय?"

"एकोणीस ठोक्यांची जागा आहे. माझं नाव बरोबर बसतं. चिन्हं मी भरते, प्रोफेसर. नाव तुम्ही भरा."

"तुम्हीच टाइप करा की! मी हो म्हणतो."

"तुम्ही हो म्हटलेलं कागदावर उमटत नाही."

"आणि नाही भरलं तर?"

"तर असंच छापू. जिनेतला मोकळ्या जागा छापायची सवय झालीय."

मी मान हलवली. अगदी जोरात हलवली. व्हेरमोरेल यांनी माझ्याकडे पाहिलं, कायमच्या कागदाकडे पाहिलं. तो उचलून खिशात घालणं एका हाताचं काम होतं. मोरिसेत टोचणी धरून उभी होती आणि तिचा हात जराही हलत नव्हता.

त्यांनी टोचणी घेतली. काचेवर ओणवे झाले. पहिल्याच अक्षराला जोर जास्त झाला आणि मेण फाटलं.

"थांबा," मोरिसेत म्हणाली. गुलाबी रोगण लावलं, फुंकर घातली. "वाळू द्या. घाई केली की पुन्हा फाटतं." फ्रान्सचे एवढे मोठे गणिती, शाळेतल्या पोरासारखे दिव्यापाशी उभे राहून रोगण वाळायची वाट बघत होते. मग पुन्हा लागले. जीभ दातांत धरून एकेक अक्षर कोरत गेले. अक्षरं मोठी झाली, जागा पुरेना. आडनावाचं शेवटचं अक्षर पुढच्या 'यांनी'च्या डोक्यावर जाऊन बसलं.

त्यांनी घाम पुसला. "वाकडं झालं."

मोरिसेत खाली वाकून नाव वाचत होती. बराच वेळ वाचत होती. डोळ्यांत पाणी होतं तिच्या, चिठ्ठी आली तेव्हा नव्हतं ते आता होतं.

"पुन्हा करू का?" त्यांनी विचारलं.

"नको," ती म्हणाली. "तसंच राहू दे. सगळ्यांना दिसू दे कोणी लिहिलंय ते." आणि मेणकागद उचलून माझ्या हातात दिला.